द कव्हर्ड वॅगन : प्रेक्षक व समीक्षकांची मते

जेम्स क्रूझ दिग्दर्शित अमेरिकी मूकपट (१९२३) व त्याला मिळालेला प्रतिसाद. एमर्सन हफ यांच्या कादंबरीवरून पॅरामाउंटने काढलेल्या या चित्रपटात १८४८ साली मिसूरी नदीकाठाहून ऑरेगनकडे निघालेल्या, कापडी छपराच्या गाड्यांच्या तांड्याची कथा आहे. तोवरचे बहुतेक वेस्टर्नपट म्हणजे घोडदौड, गोळीबार आणि ठरलेला खलनायक असा स्वस्तातला माल होता. न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन चित्रपटगृहात १६ मार्च १९२३ रोजी लागलेला हा पट मात्र तेथे वर्षाहून अधिक काळ चालला. ‘फोटोप्ले’ मासिक वाचकांच्या मतदानाने दर वर्षी एका चित्रपटाला पदक देत असे. १९२३चे पदक यालाच मिळाले.

प्रेक्षक भारावले ते कथेमुळे नव्हे. दोन पुरुष आणि एक तरुणी यांचा त्रिकोण त्या काळीही शिळाच होता. भुरळ घातली ती मैदानावर दूरवर पसरलेल्या गाड्यांच्या रांगेने, नदी ओलांडण्याच्या दीर्घ प्रसंगाने आणि कार्ल ब्राउन यांच्या छायाचित्रणाने. बरेचसे चित्रीकरण यूटा-नेव्हाडा सीमेवरील स्नेक खोऱ्यात झाले, तर बायसनच्या शिकारीचे दृश्य ग्रेट सॉल्ट लेकमधील अँटिलोप बेटावर. गाड्यांपैकी अनेक तर खऱ्याखुऱ्या जुन्या, घराण्यांत जपलेल्या होत्या. पश्चिमेकडील कित्येक कुटुंबांसाठी ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली हकिगत होती.

पश्चिमेची माहिती असणाऱ्यांनी मात्र नाके मुरडली. त्यांत सर्वांत ठसठशीत आवाज वेस्टर्नपटांचे नामांकित नट विल्यम एस. हार्ट यांचा. चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेल्या दरीत तळ ठोकून कोणताही अनुभवी तांडाप्रमुख हल्ल्याला आमंत्रण देणार नाही आणि मानेवर जू ठेवून बैलांना नदीत पोहायला लावणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो बिनतोड होता. तिकीटविक्रीवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. वाटाड्या जिम ब्रिजर पडद्यावर मद्यपी आणि दोन बायकांचा दादला दाखवल्याबद्दल त्यांच्या वारसांनी खटला भरला, पण न्यायालयात त्यांना यश आले नाही. गंमत म्हणजे टली मार्शल यांनी रंगवलेला हाच ब्रिजर आणि अर्नेस्ट टॉरेन्स यांचा रांगडा सोबती हे प्रेक्षकांना आजही नायक जे. वॉरन केरिगन यांच्यापेक्षा अधिक जिवंत वाटतात.

हॉलिवूडच्या इजिप्शियन चित्रपटगृहात चित्रपटाआधी टिम मॅकॉय वायोमिंगहून आणलेल्या अरापाहो जमातीच्या आदिवासी लोकांसह रंगमंचावर येत. पुढे हा कार्यक्रम लंडनलाही नेण्यात आला. मंचावर पाहुणे म्हणून टाळ्या घेणारे हे लोक पडद्यावर केवळ हल्लेखोर होते. त्या वेळी या विसंगतीची फारशी दखल घेतली गेली नाही. अलीकडच्या समीक्षेत मात्र आदिवासींचे हे चित्रण आणि वसाहतीचा निःशंक गौरव हे प्रमुख दोष मानले जातात.

जॉन फोर्ड यांचा ‘द आयर्न हॉर्स’ (१९२४) याच यशाच्या लाटेवर आला आणि पुढील समीक्षकांनी दोहोंची तुलना वारंवार केली. तीत पारडे बहुधा फोर्डकडे झुकते: क्रूझ यांची गती संथ आहे आणि माणसे जवळून दाखवण्यात ते कमी पडतात. हा निवाडा रास्त आहे. तरीही गाड्या, धूळ आणि जनावरे यांच्या नोंदीपुरता या मूकपटाचा दस्तऐवजी गुण त्याचे टीकाकारही नाकारत नाहीत.