कातारी आणि ओंडका

पोळपाट-लाटणे, पाळण्याचे दांडे, मुलांचे भोवरे या साऱ्या गोल वस्तू घडविणारा तो कातारी. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. त्या काळी गिरण्यांतील सुताच्या बॉबिनीही कातलेल्या लाकडाच्याच असत. कातारी जमिनीवर बसे, दोरीने लाकूड फिरवी आणि हत्याराला पायाच्या बोटांचा आधार देई. पाय हाच त्याचा शिकंजा! ओंडका करवतीने कापतानाही तोच पाय तो दाबून धरी.

पुढे १९२६ साली जर्मनीत आन्द्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. आता ओंडक्यावर पाय ठेवणे म्हणजे पाय गमावणेच! गोल ओंडका गडगडतो, पाते अडकते. पात्याच्या टोकाची वरची कड लाकडाला लागली, तर यंत्र माणसावरच उसळते. म्हणून जाणते कारागीर घरीच फळ्यांची फुलीसारखी घोडी ठोकतात, ओंडका तिच्या बेचक्यात पट्ट्याने आवळतात आणि मगच करवत चालवतात.

वाचकहो, हत्याराचा वेग वाढला, की पायाचे काम घोडीकडे सोपवावे, एवढेच यातले शहाणपण. पोरांचे भोवरे गरगरत राहोत आणि ते घडविणाऱ्याची हातापायांची वीसही बोटे शाबूत राहोत!