सहा आज्ञा आणि आईची पत्रं



मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजून दाखवा, असं काम १९८६ साली जॉन बेंटलींनी आपल्या सदरात डोनाल्ड क्नूथना दिलं. क्नूथनी पानंच्या पानं देखणा पास्कल प्रोग्राम लिहिला. परीक्षण डग मॅकिलरॉय यांचं. त्यांनी तारीफ केली, आणि युनिक्सच्या सहा आज्ञा पाइपने जोडून तेच काम करून दाखवलं! (हा पाइपसुद्धा त्यांच्याच आग्रहावरून केन थॉम्प्सननी १९७३ मध्ये युनिक्समध्ये घातलेला.)

परवा मी तीच ओळ आईच्या पत्रांवर चालवली. देवनागरीत टाइप करून ठेवलीयत, चांगली दोनशे पानं. उत्तर काय? १, आणि पुढे कोरं. कारण त्या ओळीत अक्षर म्हणजे फक्त ए ते झेड. बाकी सगळा कचरा. राग आला खरा.

पण याच थॉम्प्सननी १९९२ मध्ये रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये बसून यूटीएफ-८ची रचना केली. त्यात आपलं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट्सचं, पण त्यातला एकही बाइट जुन्या इंग्रजी चिन्हांशी गल्लत करत नाही. म्हणून पहिली आज्ञा बदलून शब्द फक्त मोकळ्या जागेवर तोडले. चाललं की! सगळ्यात वर ‘आणि’, मग ‘तू’, मग ‘कधी’.