नाणेघाट: रांजणापलीकडची भिंत

नाणेघाटात जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे त्या दगडी रांजणाचे छायाचित्र असतेच. खालची ओळही ठरलेली: ‘जगातील पहिला टोलनाका’. कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला निघालेले तांडे जकातीची नाणी या रांजणात टाकीत, अशी कथा आहे. घाटाच्या नावातच ‘नाणे’ असल्याने ती चटकन पटते. व्यापारी वाटेवर जकात घेतली जात असणे अगदी शक्य आहे. पण ज्या गुहेकडे पुरावा म्हणून बोट दाखविले जाते, तेथील प्रसिद्ध लेखाच्या उरलेल्या अक्षरांत जकातीचे नावही नाही. तिथे हिशेब आहे तो दिल्याचा.

जुन्नरकडून मोटारीने येणारे बरेच जण रांजण आणि जीवधनचा कडा पाहून परततात. घळीतून थोडे खाली उतरावे, म्हणजे ही गुहा लागते. आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील दीर्घ लेख आहे. अभ्यासक तो बहुधा इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानतात. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि प्रत्येकाची दक्षिणा. एके ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती. दुसरीकडे २४,४०० कार्षापण. हे आकडे अंकचिन्हांत कोरलेले असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख वारंवार येतो.

हे सारे जिच्या नावे सांगितले जाते, ती सातकर्णीची राणी नागनिका. लेख तिला महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी म्हणतो. मौज अशी, की मुख्य लेखाचा तो भाग खंडित आहे. तिचे नाव स्पष्ट सापडते ते मागच्या भिंतीवर, ‘नायनिका’ या रूपात.

त्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नायनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. आज मूर्ती नाहीत, वरची नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. विल्यम साइक्स १८२८ मध्ये येथे आला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी लेखाचे वाचन केले आणि ब्यूलरने १८८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. शेजारी मूर्ती नाहीशा झालेल्या असताना अक्षरे वाचता येण्याजोगी राहिली, हे आपले नशीबच.

घाटात पाण्याची टाकीही आहेत. त्यांतील एका टाक्यावरचा छोटासा लेख सांगतो, की हे सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान. तो व्यापारी होता का, हे लेख सांगत नाही. मात्र कोकणातून चढून आलेल्या तहानलेल्या माणसांसाठी त्याने खडक खोदवून घेतला होता.