स्टेअरिंगची थरथर

घोडनदीकाठचं शिरूर पुणे-नगर रस्त्यावर वाढलं, तर भीमाकाठच्या दौंडला १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग जोडला गेला. पुढे न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा कारखाना उभे राहिले, तेव्हा ऊस ओढायला बैलगाडीच्या जोडीला ट्रक आला. टेल्कोनं डाइम्लर-बेन्झच्या सहकार्यानं १९५४ पासून ट्रक बांधायला घेतले होते.

त्या जुन्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. स्टेअरिंगचं चाक मुद्दाम मोठं, म्हणजे हातांना जोर मिळे.

पुढच्या चाकांची किंगपिन झिजली, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे जोड सैल झाले, की खड्ड्यानंतर स्टेअरिंग थरथरायचं. ग्रीसगन, नव्या बुशा, टायरची हवा हा त्यावरचा खरा इलाज. थरथर शोषणारा स्टेअरिंग स्टॅबिलायझर नंतरचा, तो झीज भरून काढत नाही, हे गॅरेजवाल्यानं ठणकावून सांगायलाच हवं. स्टॅबिलायझरच्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून दाबलं जातं आणि झटका शोषतं. घरी बसवताना चाकं सरळ ठेवायची, एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं टायरॉडला. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं. स्टॅबिलायझरचा दांडा मध्येच अडला तर वळणावर स्टेअरिंग अर्ध्यातच थांबेल. अशा वेळी ब्रॅकेटची जागा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.