फवारणीचं औषध अंगात काय करतं? एका शोधाची गोष्ट



कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक बोलणं हमखास निघतं. "हे फवारून आले, आणि डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला नुसती लाळ." कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं उपाशीपोटी गेले म्हणून. यंदा आम्ही ठरवलं, हे औषध अंगात जाऊन नेमकं करतं काय, ते मुळापासून समजून घ्यायचं. त्याचं मूळ सापडलं आपल्या मज्जातंतूंत, आणि त्यांची गोष्ट सुरू होते सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, इटलीतल्या बोलोन्या शहरात.

तिथं लुईजी गॅल्व्हानी नावाचे डॉक्टर मेलेल्या बेडकांच्या पायांवर प्रयोग करत. त्यांची बायको लुचिया शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाची लेक. ती प्रयोगांत त्यांच्या बरोबरीनं काम करी. विजेची ठिणगी पडली की मेलेल्या बेडकाचा पाय झटका देई. म्हणजे मज्जातंतूंतून जाणारा निरोप विजेशी नातं सांगतो, हे कळलं. गॅल्व्हानींनी हे 1791 मध्ये छापलं, पण ते पाहायला लुचिया नव्हती. त्याआधीच ती वारली होती.

हा निरोप किती वेगानं जातो? तो मोजता येणारच नाही, असं मोठमोठे विद्वान म्हणत. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1850 च्या सुमारास तो मोजला. बेडकाच्या मज्जातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर झटका दिला, आणि स्नायू हलायला लागलेल्या वेळेतला फरक काढला. आकडे टिपून घ्यायला त्यांची बायको ओल्गा बसे. उत्तर आलं, सेकंदाला साधारण 27 मीटर. हमरस्त्यावर भरधाव जाणाऱ्या गाडीइतकाच हा वेग!

पुढं 1952 मध्ये हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी म्हाकुळाच्या जाड मज्जातंतूवर काम करून दाखवलं, की ही वीज तारेतल्या विजेसारखी नसते. तंतूच्या आतबाहेर सोडियम आणि पोटॅशियमचे विद्युतभारित कण सरकतात आणि त्यांची लाट पुढं पुढं जाते.

पण तंतू संपला की पुढं काय? स्पेनच्या काहाल यांनी 1888 पासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, की प्रत्येक मज्जापेशी वेगळी आहे. इटलीचे गोल्जी म्हणत, नाही, सगळं एकच जाळं आहे. गंमत म्हणजे काहाल पेशी रंगवायला गोल्जींचीच पद्धत वापरत. 1906 मध्ये दोघांना मिळून नोबेल मिळालं, तरी गोल्जींनी आपलं म्हणणं सोडलं नाही. शेवटी काहालच खरे ठरले. दोन पेशींमध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक.

मग ही फट निरोप ओलांडतो कसा? ऑस्ट्रियातल्या ग्रात्सचे ऑटो लोवी यांना 1921 च्या सुमारास एका रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. त्यांनी उठून कागदावर खरडलं, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं, तसे ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन धडधडणारी हृदयं घेतली. एकाच्या मज्जातंतूला झटका देऊन त्याची धडधड मंद केली आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्यावर सोडलं. दुसरंही मंद झालं. म्हणजे तंतूच्या टोकाशी काहीतरी रसायन सुटत होतं. ते होतं ॲसिटिलकोलीन.

आपले हातपाय हलतात तेही याच रसायनानं, हे 1936 मध्ये लंडनला डेल, फेल्डबर्ग आणि मार्था फोग्ट यांनी दाखवलं. हिटलरच्या जर्मनीतून 1935 मध्ये बाहेर पडलेल्या या मार्थाबाई पुढं इंग्लंडच्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि शंभर वर्षं जगल्या.

आता फवारणीकडे येऊ. निरोप पोचला की पाटी पुसावी लागते. ते काम शरीरातलं एक विकर करतं, ते ॲसिटिलकोलीन मोडून टाकतं. त्याच 1936 मध्ये जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर किडींवर औषध शोधत होते. त्यांच्या हाती टाबून नावाचं रसायन आलं. त्याच्या एका थेंबानं त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, नजर अंधुक झाली, धाप लागली. टाबून पुढं युद्धातलं विष म्हणून लष्करानं उचललं. शेतात फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं त्याच कुळातली.

हे विष पाटी पुसणाऱ्या विकरालाच जखडून ठेवतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, स्नायू फडफडणं, आणि शेवटी थकलेले स्नायू श्वासही ओढू शकत नाहीत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा वापरात असलेलं मोनोक्रोटोफॉस याच गटातलं.

मैत्रिणींनो, पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी औषधात मिसळायचं पाणी आपण भरून आणतो, त्यांचे भिजलेले कपडे आपण धुतो. हे विष कातडीतूनही आत जातं. म्हणून ते कपडे वेगळे धुवा, हातमोजे घालून. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्याला किंवा तेलाला वापरू नका.

आणि अंधारी आली, लाळ सुटली, अंग फडफडू लागलं, तर "ऊन लागलं" म्हणून झोपवून ठेवू नका. आधी अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, आणि लगेच दवाखान्यात न्या. औषधाचा डबा लेबलासकट सोबत घ्या. तो पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. ॲट्रोपीनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचतो.

आम्ही आमच्या गटात एवढं केलं: बैठकीच्या वहीत पहिल्याच पानावर जवळच्या दवाखान्याचा आणि रुग्णवाहिकेचा, म्हणजे 108 चा, नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. तुम्हीही आजच लिहून ठेवा.