प्रलयाचा साक्षीदार

१७२६ साली झुरिकच्या योहान याकोब शॉइख्त्सर या डॉक्टरने जाहीर केलं, की नोहाच्या प्रलयात बुडून मेलेला माणूस आपल्याला सापडला आहे. कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या ओनिंगनच्या खाणीतून आलेली ती दगडी लादी होती. तिच्यात रुंद कवटी, डोळ्यांच्या मोठ्या खोबण्या आणि खाली पाठीचा कणा. लॅटिनमध्ये त्याने नाव दिलं 'होमो डिल्युव्ही टेस्टिस', म्हणजे प्रलयाचा साक्षीदार असलेला माणूस.

त्याला हसणं सोपं आहे. पण तेव्हा अनेक विद्वान जीवाश्मांना निसर्गाची गंमत समजत, दगडात आपोआप उमटलेली नक्षी. हे कधीकाळी जिवंत होते, असं शॉइख्त्सर ठासून सांगत होता. त्याच्या १७०८च्या एका पुस्तकात दगडातले मासेच तक्रार करतात, की आम्हाला कुणी मासे मानत नाही. मासे डोंगरात कसे पोचले? प्रलयाच्या पाण्याने. उत्तर तयार होतं. अडचण एकच : ज्याच्या पापासाठी प्रलय आला, तो माणूसच सापडत नव्हता. मग ही लादी आली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. बगचं कारण आधीच ठरवून लॉग वाचायला बसलं, की तेच कारण ओळीओळीत दिसू लागतं. काही रात्री मी अशा घालवल्या आहेत. त्यामुळे माणसाची हाडं ओळखणाऱ्या डॉक्टरला इथे माणूस कसा दिसला, याचं मला फारसं नवल वाटत नाही.

पुढे कुणी त्याला मासा ठरवलं, पेत्रुस काम्परने सरडा. १८०२मध्ये लादी हार्लेमच्या टेयलर संग्रहालयात गेली. जॉर्ज क्युव्हिएने नुसती चित्रं पाहून म्हटलं होतं, की हा महाकाय सॅलॅमँडर आहे. १८११मध्ये तो हार्लेमला पोचला. सॅलॅमँडरच्या सांगाड्याचं चित्र शेजारी ठेवून त्याने कवटीच्या बाजूचा दगड उकरायची परवानगी मिळवली. इथे पुढचे पाय असणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं. ते तिथेच निघाले. शॉइख्त्सरने जे दिसत होतं त्याचा अर्थ लावला. क्युव्हिएने जे दिसत नव्हतं ते सांगितलं, आणि स्वतः चूक ठरण्याची सोय ठेवली.

तो प्राणी एक कोटी वर्षांहून जुना. कणा अर्धवट असूनही लांबी जवळपास मीटरभर. चपट्या डोक्याचा, रुंद जबड्याचा, पाण्यात शिकार करणारा उभयचर. त्याचे जवळचे नातेवाईक चीन-जपानच्या नद्यांत आजही आहेत. दबा धरून बसतात आणि मासा टप्प्यात आला की झटक्यात तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात.

त्याचं शास्त्रीय नाव आता 'आंद्रियास शॉइख्त्सेरी'. आंद्रियास म्हणजे माणसाची प्रतिमा. चूक आणि चूक करणारा, दोघेही नावात राहिले. लादी अजून हार्लेमलाच आहे. कवटीच्या दोन्ही बाजूंना पुढच्या पायांची हाडं स्पष्ट दिसतात. १७२६च्या चित्रात ती नाहीत.