नदी थांबवायची कुणी? लाइव्ह व्हिडिओ सॉफ्टवेअरची गोष्ट

ऐकत असाल किंवा वाचत असाल, आजचा एपिसोड माझ्या एका फजितीपासून सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपची एकांकिका होती. धरणात बुडणाऱ्या गावाची गोष्ट. सेट म्हणजे प्लायवूडचा वाड्याचा दरवाजा, आणि त्यावर प्रोजेक्टरने नदीचं पाणी हळूहळू चढत जाणार. मी बीटेक, दिवसभर कोड लिहिणारा, त्यामुळे "लॅपटॉपचं तू बघ" हे मला न विचारताच ठरलं. मी दोन रात्री यूट्यूब पाहिलं आणि सगळ्यात जास्त इफेक्ट असलेलं एक व्हीजे सॉफ्टवेअर निवडलं. तालमीत सगळे खूश.

प्रयोगाच्या दिवशी आजीचं काम करणारी आमची मैत्रीण शेवटच्या वाक्याआधी थांबली. तालमीत चार सेकंद थांबायची, त्या दिवशी दहा-बारा सेकंद थांबली. सभागृह चिडीचूप. आणि तेवढ्यात माझी क्लिप संपली. लूपवर होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. छातीपर्यंत चढलेलं पाणी टुणकन उंबऱ्याखाली! मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि तिचं वाक्य त्या हशात बुडालं.

सॉफ्टवेअरची काहीच चूक नव्हती. क्लिप लूप होणं त्याच्या जगात अगदी बरोबर आहे. ते जग कुठलं, हे मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून या सॉफ्टवेअरांच्या जन्मकुंडल्या काढायचा नादच लागला म्हणा ना.

सुरुवात कल्याणपासून करतो. १८९२ साली महादेव गोपाळ पटवर्धन यांनी तिथे 'शांबरिक खरोलिका'चे खेळ सुरू केले. शांबरिक खरोलिका म्हणजे मॅजिक लँटर्न. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पडदा. सोबत निवेदन आणि संगीत. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन्स हॉटेलमध्ये आला ७ जुलै १८९६ ला, म्हणजे त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. यात मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की चित्र हाताने बदलतं. निवेदक रेंगाळला तर काच हातातच थांबते. पुढच्या चित्राला निवेदकाची वाट बघायला कुणी प्रोग्रॅम करावं लागत नाही.

सिनेमा आला आणि हे उलटं झालं. फिल्म एकदा सुटली की सुटली, माणसाने तिच्यामागे धावायचं. व्हिडिओ पुन्हा हाताने वाजवायची धडपड सत्तरच्या दशकात दिसते. शिकागोमध्ये डॅन सँडिन यांनी १९७१ ते १९७३ मध्ये एक ॲनालॉग इमेज प्रोसेसर बनवला. गिटार वाजवावी तसा बटणं फिरवून चित्र वाजवायचं. आणि त्याचे आराखडे कुणालाही कॉपी करायला दिले! गिटहबच्या कितीतरी आधीचा ओपन सोर्स. (आमच्या ऑफिसात हे कुणाला सांगितलं की आधी कुणी विश्वासच ठेवत नाही.)

नव्वदीनंतर लॅपटॉप आले आणि इथून झाडाला फांद्या फुटतात. पहिली फांदी क्लबची. नेदरलँड्सचं रेझोल्यूम, जिनिव्हाचं मॉड्युलेट, ही मंडळी डीजेच्या शेजारी उभं राहणाऱ्यांसाठी बनली. तिथे रात्रभर गाणं थांबत नाही, मग चित्र कसं थांबेल? म्हणून क्लिप्सचा जाळीदार तक्ता, थरावर थर, बीपीएमशी जुळलेला वेग. काळा पडदा दिसणं हा तिथे सगळ्यात मोठा गुन्हा. आता कळलं ना, माझी नदी का वाहत राहिली?

दुसरी फांदी नाचाची आहे आणि ही माझी लाडकी. न्यूयॉर्कमध्ये मार्क कोनिग्लिओ आणि डॉन स्टॉपिएलो यांची ट्रॉइका रँच नावाची नृत्यसंस्था होती. कोनिग्लिओ यांनी १९८९ च्या सुमारास 'मिडीडान्सर' नावाचा पोशाख बनवला होता. नर्तकीचा कोपर, गुडघा किती वाकला हे सेन्सर मोजायचे आणि ते आकडे वायरशिवाय कॉम्प्युटरला जायचे. मग त्यातून आवाज आणि चित्र बदलायचं. पुढे याच कामातून आयसाडोरा हे सॉफ्टवेअर आलं. नाव ठेवलं नर्तकी आयसाडोरा डंकन यांच्यावरून. म्हणजे इथे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलंय, की वेळ ठरवणार ते शरीर, कॉम्प्युटरने ऐकायचं.

तिसरी फांदी नाटकाची. अमेरिकेतल्या क्रिस ॲशवर्थ यांनी २००६ मध्ये क्यूलॅब आणलं. बाहेरून बघाल तर फारच साधं: क्यूंची एक यादी आणि एक 'गो'. गो दाबलं की पुढची क्यू, नाहीतर काहीही नाही. मी आधी हे बघून "एवढंच?" म्हणालो होतो. आता त्या 'काहीही नाही'ची किंमत कळते. पण क्यूलॅब फक्त मॅकवर चालतं, आणि आमच्या ग्रुपकडे कुणाच्या तरी दादाचा जुना विंडोज लॅपटॉप. असो.

राहिला प्रश्न दरवाज्याचा. सपाट पडदा सोडून वस्तूवर चित्र पाडायची हौस जुनीच. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९६९ साली हाँटेड मॅन्शन सुरू झालं. तिथे पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर गाणाऱ्या माणसांची फिल्म पाडली होती. पण तिथे पुतळा आणि प्रोजेक्टर दोन्ही जागच्या जागी पक्के. रोज नवी वस्तू, नवी जागा असेल तर गणित लागतं. त्या गणितात एक मोठं नाव आहे आपल्या नाशिकच्या रमेश रासकर यांचं. पुण्याच्या सीओईपीमधून इंजिनिअरिंग, मग नॉर्थ कॅरोलायनात पीएचडी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'शेडर लॅम्प्स' नावाचा शोधनिबंध मांडला. ताजमहालाचं एक पांढरंफेक मॉडेल घेतलं आणि रंग, संगमरवराचा पोत, ऊन-सावली, सगळं प्रोजेक्टरने त्यावर चढवलं. वस्तूचा आकार आणि प्रोजेक्टरची जागा माहीत असेल, तर कुठल्या पिक्सेलने कुठे जायचं हे काढता येतं. आपण दरवाज्याचे चार कोपरे माउसने ओढून चित्र बसवतो, ते याच भूमितीचं अगदी छोटं भावंडं.

हे सगळं शोधताना एक धडकी भरवणारी गोष्टही सापडली. अॅपलने २००५ मध्ये मॅकसोबत क्वार्ट्झ कंपोझर नावाचं टूल फुकट दिलं. जगभरच्या व्हीजेंनी त्यात आपलं काम उभं केलं. २०१९ मध्ये अॅपलने ते कालबाह्य ठरवलं. सँडिनच्या मशीनचं असं होऊ शकत नाही, कारण आराखडा लोकांकडे आहे. म्हणून मी आता किमतीआधी हे बघतो: उद्या कंपनीने हात वर केले, तर माझ्याकडे काय उरतं? फोनवर लगेच खेळून बघायचं असेल तर ओलिव्हिया जॅक यांचं हायड्रा उघडा. ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि जुन्या ॲनालॉग व्हिडिओ सिंथेसायझरच्या पद्धतीवर बेतलंय.

तर पुढच्या महिन्यात आमची एकांकिका पुन्हा होतेय. तीच आजी, तोच दरवाजा. यावेळी आयसाडोरा घेतलं, कारण ते विंडोजवरही चालतं. व्हिडिओ हॅप कोडेकमध्ये बदलून घेतला. फाइल अवाढव्य होते, पण सीपीयूचा भार ग्राफिक्स कार्डावर जातो आणि जुना लॅपटॉप धापा टाकत नाही. नदीचे दोन तुकडे केले. पहिल्यात पाणी चढतं. दुसऱ्यात ते छातीशी येऊन नुसतं हलत राहतं, एक मिनिट, पाच मिनिटं, बटण दाबेपर्यंत.

बटण मी दाबणार नाहीये. आमच्यात प्रॉम्प्टिंग करणारी एक मुलगी आहे, तिला आजीचा प्रत्येक श्वास पाठ आहे. तिला मी नोड, लेयर वगैरे समजवायला लागलो, तर म्हणाली, "दादा, मला फक्त कुठे दाबायचं ते सांग." स्पेसबारवर लाल चिकटपट्टी लावून दिली. कालच्या तालमीत आजी चौदा सेकंद थांबली. पाणीही थांबलं.